ट्रेलरला खांदे नसतात

मी परतूरचा. परतूरला लहानपणी मी पाहिलेलं सर्वांत मोठं जंगल म्हणजे रेल्वेस्टेशनामागची बाभळीची रांग. बाकी सगळीकडे काळी जमीन आणि कापूस. असल्या माणसाला सरकारनं वनखात्यात वनरक्षक म्हणून घेतलं, यावरून सरकारला माणसांची किती पारख असते ते कळावं. वडील जिनिंगमध्ये कामाला होते. नेमणुकीचा कागद त्यांनी दोनदा वाचून घेतला आणि विचारलं, की झाडं पळून जातात का, त्यांना राखायला माणूस कशाला लागतो.

नोकरीची पहिली पंधरा-सोळा वर्षं बदल्यांत गेली. कुठेही जा, पळसाला पानं तीनच. तीच चोरून तोडलेली लाकडं, तेच कुऱ्हाड लपवणारे लोक, तेच रेंज ऑफिसातले खालमानेचे कारकून. मी मूळचा तापट. सुरुवातीला लोकांवर ओरडायचो, मग हळूहळू झाडं ओळखायला लागलो आणि ओरडणं थोडं कमी झालं. धावडा, सालई, अंजन, मोईन ही नावं पाठ झाली तशी माझी बायको म्हणायला लागली, की तुम्हाला नातेवाइकांपेक्षा झाडांची नावं जास्त ठाऊक आहेत. त्यात खोटं काही नव्हतं, आणि नातेवाइकांपेक्षा झाडं त्रासही कमी देत.

नव्वदच्या दशकाच्या शेवटाला माझी बदली भोकरदन तालुक्याच्या वरच्या अंगाला झाली. पिंपळगाव रेणुकाईच्या पुढे जमीन उंचसखल व्हायला लागते आणि अजिंठ्याच्या डोंगराची शेपूट दिसते. त्या डोंगरावर आमचं राखीव जंगल. फार दाट म्हणता येणार नाही, पण आमच्या जिल्ह्याच्या मानानं भरपूर. पायथ्याला साठ-सत्तर उंबऱ्यांचं गाव. मी तिथे राहायला गेलो आणि वर्षभरातच बातमी आली, की डोंगराच्या धारेवर पवनचक्क्या उभ्या राहणार. वर एक उंच लोखंडी खांब दोन वर्षांपासून वारा मोजत उभाच होता. गावातले लोक त्याला वाऱ्याचा पोलीसपाटील म्हणायचे.

आठ पंखे येणार होते. प्रत्येकाला तीन पाती आणि एकेक पातं साठ-पासष्ट फूट लांब. पात्याचा तुकडा करता येत नाही, ते आहे तसंच अख्खं वर न्यावं लागतं. म्हणजे रस्ता हवा. आणि रस्ता म्हणजे झाडं आलीच.

मंजुरी वरून आली होती, तिथे माझं काही चालत नव्हतं. माझ्या हातात होता तो शिक्क्याचा हातोडा. जे झाड तोडायचं त्याची साल छिलायची, त्यावर हातोडा मारायचा, नंबर टाकायचा आणि रजिस्टरला नोंद करायची. ज्यावर शिक्का नाही ते झाड कंपनीला तोडता येत नाही. हातोडा काखेत मारून फिरताना माणसाला आपण कोणीतरी आहोत असं वाटायला लागतं, आणि मला तर ते फार लवकर वाटायचं.

कंपनीचा इंजिनियर तिशीतला पोरगा होता. स्वभावानं चांगला, पण पट्टीनं रेघ मारायची त्याला भारी हौस. त्याच्या नकाशात रस्ता सरळ वर जात होता. मी पहिल्या दिवशीच त्याच्याशी भांडलो. गावातून वर जाणारी जुनी गाडीवाट आहे, ती धरा, असं मी म्हटलं. ती लांब पडते, असं तो म्हणाला. लांब पडली तरी तिच्यावर झाडं नाहीत, असं मी म्हटलं. तीन दिवस घासाघीस झाल्यावर तो गाडीवाटेला राजी झाला. पुढे आणखी दोन गोष्टींवर मी अडलो. खोदलेला दगडमुरूम उतारावर ढकलायचा नाही, कारण खालचा नाला त्यानं बुजतो. आणि विजेच्या तारा खांबांवरून रानातून न नेता रस्त्याच्या कडेनं जमिनीखालून न्यायच्या. हे सगळं मी फार विचार करून केलं असं नाही. मला फक्त नव्या रानात दुसरी कुऱ्हाड नको होती.

राहिली ती वळणं. गाडीवाटेला पाच वळणं होती. साठ फुटांचं पातं वळताना आतल्या बाजूची झाडं कापत जातं, म्हणून इंजिनियरला प्रत्येक वळणाच्या पोटातली झाडं सरसकट काढून हवी होती. चार वळणांवर फारसं काही नव्हतं. तिसऱ्या वळणावर पळस होते.

हे पळस गावातल्या एका मावशीचे. म्हणजे कागदावर सरकारचे, पण गावाच्या लेखी तिचेच. तिचं घराणं मूळचं मेंढरं राखणाऱ्यांचं. मेंढरं कधीच विकली गेली, चार शेळ्या राहिल्या होत्या. नवरा वारलेला, घरात ती आणि सून. दोघी मिळून पत्रावळी लावायच्या. आजूबाजूच्या पाच गावांतल्या लग्नाकार्याच्या पंगती मावशीच्या पत्रावळींवर उठायच्या. पळस डोंगरावर इतरही होते, पण तिसऱ्या वळणावरच्या पळसांना नाल्याची ओल होती आणि मावशी दरवर्षी त्यांची अशी बेतानं छाटणी करायची, की झाडं दोन पुरुषांपेक्षा उंच जात नसत आणि पानं परातीएवढी रुंद होत. एका पानात माणसाचा वरणभात मावेल असं ती म्हणायची. पळस तोडला तरी बुडखातून फुटतो हे खरं, पण वरून मुरूम टाकून रोलर फिरवल्यावर काय फुटणार. ते पळस गेले तर सासूसुनेच्या हाताला काही काम उरणार नव्हतं.

मावशी मला पहिल्या दिवसापासून भाऊ म्हणायची. मी गावात नवा होतो तेव्हा भाकरी तिच्याकडूनच यायची. एके दिवशी ती हातोड्याकडे बघत म्हणाली, “भाऊ, माझ्या पळसाला हे मारणार हाव का?” मी म्हटलं, आधी बघतो, मग सांगतो. आणि खरंच बघायचं ठरवलं.

माझ्या डोक्यात एक कल्पना आली आणि ती मला इतकी आवडली, की दोन दिवस मी स्वतःवर खूश होतो. पात्याएवढा लांब बांबू जोडून तयार करायचा, तो माणसांच्या खांद्यांवर देऊन अख्ख्या वाटेनं वर न्यायचा आणि तो ज्या झाडांना लागेल त्यांनाच शिक्का मारायचा. अंदाजानं सरसकट तोडण्यापेक्षा हे बरं. त्यात या गावाला असल्या कामाची सवय होती. गावच्या जत्रेत देवाची काठी निघते. काठी कसली, चांगला पन्नास-साठ फुटांचा वासा. तो मानकऱ्याच्या घरून आडवा खांद्यांवर घेऊन गावातल्या बोळांतून देवळापर्यंत नेतात आणि मग उभा करतात. एवढा लांब वासा एवढ्या अरुंद बोळांतून नेणाऱ्या लोकांना डोंगराची वळणं म्हणजे काय. इंजिनियरलाही कल्पना पटली. मी गावात सांगितलं आणि वीस-बावीस गडी हौसेनं आले.

सकाळी निघालो. मी पुढे रजिस्टर घेऊन. बांबूचं पुढचं टोक कुठे लागतं यावर माझं सगळं ध्यान, कारण तिसऱ्या वळणाच्या बाहेरच्या कडेला घसरण होती आणि कोणी खाली जाऊ नये ही मला धास्ती. पहिल्या वळणावर तीन धावडे लागले, मी लिहून घेतले. दुसऱ्यावर एक मोईन. तिसऱ्या वळणावर पुढचं टोक सुखरूप वळलं, मागे बघितलं तर बांबू सगळा वळून आलेला, गडी हसतायत, एकही फांदी मोडलेली नाही. मी विचारलं, लागलं का कुठे? सगळे एका सुरात म्हणाले, “बिलकुल न्हाई.” मी रजिस्टरात लिहिलं : तिसरे वळण, निरंक. आमच्या सरकारी भाषेत निरंक म्हणजे काहीही नाही. माझा अत्यंत आवडता शब्द. उतरताना मी मावशीच्या दारात थांबलो आणि सांगितलं, की तुमचं एकही झाड जात नाही. तिनं मला गुळाचा चहा पाजला. त्याच आठवड्यात तिनं उन्हाळ्यातल्या चार लग्नांच्या पत्रावळी कबूल केल्या.

आठ दिवसांनी इंजिनियर टेप घेऊन तिसऱ्या वळणावर उभा होता आणि मला बोलावणं आलं. त्यानं जमिनीवर चुन्यानं रेघा मारल्या होत्या. त्या रेघा मावशीच्या पळसांच्या मधोमध जात होत्या. मी म्हटलं, असं कसं होईल, बांबू तर लागला नाही. मग त्यानं बांबू नेणाऱ्यांपैकी दोघांना बोलावलं आणि विचारलं, इथून बांबू कसा नेला होता. त्यांनी मोठ्या अभिमानानं करून दाखवलं. वळण आलं तसं मागच्या गड्यांनी दुबेळकी लावली. दुबेळकं म्हणजे शेंड्याला दोन फाटे असलेलं उंच लाकूड. त्यावर बांबू उचलून त्यांनी तो पळसांच्या डोक्यावरून अलगद पलीकडे नेला होता. दोघंजण तर पुढे पळत जाऊन उंच फांद्या हातानं वाकवून धरत होते.

इंजिनियरनं टेप गुंडाळला. मग एवढंच म्हणाला, “ट्रेलरला खांदे नसतात.”

मी त्या गड्यांवर असा भडकलो, की सांगायची सोय नाही. लागतंय का ते बघायला नेलं होतं, आणि तुम्ही लागू दिलंच नाही, असं ओरडलो. त्यातला एकजण शांतपणे म्हणाला, “साहेब, काठी लागू देत असतेत का?” आणि त्याचं बरोबर होतं. देवाची काठी वाटेत कशालाही टेकली तर ते वर्ष वाईट जातं असं गावात मानतात, आणि ज्याच्या हातून टेकते त्यानं साऱ्या गावाला जेवण घालायचं. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांची सगळी इभ्रत काठी न टेकवण्यात, त्यांच्याच खांद्यांवर मी टेकतंय का ते बघायला बांबू दिला होता. त्यांनी त्यांचं काम चोख केलं. माझं काम मागे वळून बघायचं होतं, ते मी केलं नाही.

मावशीला सांगायला मीच गेलो. ती सुनेबरोबर दारात पानांची चवड लावून बसली होती. मी सगळं सांगितलं, माझी चूकही सांगितली. तिनं हातातली पत्रावळ पुरी लावून बाजूला ठेवली आणि विचारलं, “साहेब, मंग आता कबूल केलेल्या लग्नाचं काय करू?” भाऊचा साहेब झालेला मला ऐकू आला. त्या रात्री जेवण गेलं नाही असं लिहिलं तर चांगलं दिसेल, पण जेवलो. फक्त भाकरी तिच्याकडची नव्हती.

दुसऱ्या दिवशी रेंजर साहेबांकडे गेलो आणि म्हटलं, तिसऱ्या वळणाची पाहणी पुन्हा करायची आहे. ते म्हणाले, आधीची नोंद चुकीची होती असं लेखी द्या. नोकरीत मी कधी चूक लेखी दिली नव्हती, तोंडी तर त्याहून नाही. हातात पेन धरून पंधरा मिनिटं बसलो. शेवटी लिहिलं : सदर नोंद मी मागे वळून न पाहता केली. साहेबांनी वाचून चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. एवढं खरं लिहायची गरज नव्हती, असं म्हणाले. पण सही केली आणि इंजिनियरला पंधरा दिवस थांबायला सांगितलं.

या वेळी बांबू माणसांच्या खांद्यांवर द्यायचा नाही हे नक्की होतं. मी ठरवलं, दोन बैलगाड्या घ्यायच्या, बांबूचं एक टोक पुढच्या गाडीला आणि मागचा भाग मागच्या गाडीला आवळायचा, म्हणजे उचलता येणार नाही. तसं केलं. पुढच्या गाडीला बैल, मागची गाडी नुसती ओढत येणारी. तिसऱ्या वळणावर बांबू सरळ पळसांत शिरला आणि अडकला. पुन्हा केलं, पुन्हा शिरला. इंजिनियरनं माझ्या पाठीवर हात ठेवला, आणि त्या हाताचा मला जास्त राग आला.

मावशी एका दगडावर बसून बघत होती. ती उठली आणि माझ्याकडे न येता गड्यांकडे गेली. त्यांच्यात तिचा पुतण्या होता. काठीच्या शेपटाचा मान त्यांच्या घराण्याचा. सगळ्यात मागचा माणूस त्यांचा. तिचा नवरा होता तोवर तो धरायचा, तो गेल्यावर पुतण्याकडे आला. ती त्याला म्हणाली, “तुझ्या चुलत्यानं कधी दुबेळकं लावलं व्हतं का रे?” पुतण्या मान खाली घालून म्हणाला, न्हाई.

मग तिनं सांगितलं. तिचा नवरा जत्रेच्या आधी महिनाभर घरामागे लांब काठी घेऊन एकटा सराव करायचा, आणि काठीचं दुसरं टोक धरायला घरात कोण असणार, तीच. बाईनं काठीला हात लावायचा नसतो, पण सरावाच्या काठीला चालतं असं त्यानं आपल्या सोयीनं ठरवलं होतं. तो सांगायचा, की शेपटानं पुढच्याची नक्कल करायची नाही. पुढचा वळला तरी शेपटानं उलट बाहेर जायचं, अगदी कडेपर्यंत, आणि काठीचं पोट मोकळं झालं, की मग सावकाश आत यायचं. नवरा गेला आणि ही गोष्ट कोणी विचारलीच नाही. पोरांना जमेना, म्हणून त्यांनी दुबेळकी काढली.

मी विचारलं, पण गाडीला उलट कसं नेणार, ती तर पुढच्यामागे येणारच. ती गाडीभोवती एक फेरी मारून आली. म्हणाली, “मागली गाडी उलटी लावा. दांडी मागं राहू द्या. दांडी आत दाबली की चाकं भायेर जातेत. शेण भरलेली गाडी मागं सारताना तुमी बघितली न्हाई का कधी?” मी परतूरचा असून बघितली नव्हती हे तिला कळू दिलं नाही.

मागची गाडी उलटी लावली. दांडीला पुतण्या आणि आणखी तिघं. पहिल्या खेपेला दांडी फार उशिरा दाबली, दोन पळसांना बांबू घासला. दुसऱ्या खेपेला इतकी जोरात दाबली, की गाडीचं चाक पार घसरणीच्या कडेवर आलं. तिसऱ्या खेपेला मावशी बांबूच्या पोटाशी, पळसांच्या बाजूनं चालत निघाली. ती नुसती हातानं खुणा करत होती, तळवा बाहेर, तळवा बाहेर, आणि मग तळवा आत. बांबूचं शेपूट बाहेरच्या कडेवरून, घसरणीच्या वरून फिरलं. तिथे तरवडाच्या चार झुडपांशिवाय लागायला काही नव्हतं. इकडे पळस आणि बांबू यांच्यात हातभर जागा राहिली. मी या वेळी पूर्ण वेळ मागे बघत होतो, आणि माझी मान चार दिवस दुखत होती.

इंजिनियरनं टेप लावला, वहीत आकडे मांडले आणि बराच वेळ डोकं खाजवत बसला. मग म्हणाला, की मागची चाकं हातानं वळवायची सोय असलेले ट्रेलर असतात, पण ते कोणी मागवत नाही. मी विचारलं, का? तो म्हणाला, कारण झाडं तोडणं सोपं असतं. हे तो प्रामाणिकपणे बोलला आणि बोलल्यावर त्यालाच कसंतरी झालं. मी ओरडायला तोंड उघडलंच होतं, पण त्याच्याकडे बघून बंद केलं. त्या पोरानं तसला ट्रेलर मागवला. त्यासाठी वरच्यांची बोलणीही खाल्ली, हे मला नंतर दुसऱ्याकडून कळलं. या गोष्टीत सगळं श्रेय मावशीला जातं, पण थोडं त्यालाही द्यायला हवं.

पहिलं पातं आलं तो दिवस मला कालच्यासारखा आठवतो. सकाळी पिंपळगावकडून ट्रेलर येताना दिसला आणि सगळं गाव वाटेवर. पातं पांढरंशुभ्र, पोटात रुंद आणि टोकाला निमुळतं. मागच्या चाकांना एक लांब लोखंडी दांडा होता आणि तो धरायला ट्रेलरबरोबर आलेली दोन माणसं. पहिल्या वळणावर त्यांनी तो दांडा असा गोंधळून हलवला, की पुतण्यानं न विचारताच त्यांना बाजूला सारलं आणि आपले तीन गडी लावले. ड्रायव्हर खाली उतरून भांडायला लागला. इंजिनियर म्हणाला, यांना करू द्या.

तिसऱ्या वळणावर ट्रेलर थांबला. मावशी पळसांच्या पुढे जाऊन उभी राहिली. मी तिला बाजूला व्हा म्हणालो नाही, म्हणायला हवं होतं. इंजिन सुरू झालं. तळवा बाहेर. दांडा आत दाबला गेला, चाकं कडेकडे सरकली, पात्याचं टोक घसरणीवरून हवेत फिरलं आणि त्याचं रुंद पोट सावकाश पळसांकडे यायला लागलं. मला वाटलं, गेलं. मावशीनं पहिल्या पळसाच्या खोडावर एक हात टेकला, दुसरा हात पात्याच्या बाजूनं आडवा धरला आणि तसाच धरून ठेवला. पातं त्या हाताजवळून गेलं. हाताला लागलं नाही. मग दुसरा पळस, मग तिसरा. शेवटच्या पळसाच्या पुढे टोक निघालं तेव्हा कोणीतरी नारळ फोडला, आणि माझ्या लक्षात आलं, की मी एवढा वेळ हातोडा दोन्ही हातांनी छातीशी धरून उभा होतो. मला रडू आलं. मी तापट माणूस, पण तेही होतं.

आठ पंख्यांची चोवीस पाती. मावशी चोवीसही खेपांना वळणावर आली. कधी सकाळी, कधी भर दुपारी, कडेवर शेळीचं करडू घेऊनही. पाचव्या-सहाव्या खेपेनंतर ड्रायव्हर स्वतःच वळणाआधी थांबून मावशी कुठाय असं विचारायला लागला. मधल्या दिवसांत ती आणि सून त्याच पळसांची पानं काढत होत्या. चार लग्नांच्या पत्रावळी वेळेवर गेल्या. त्यातल्या एका लग्नाला मीही जेवलो आणि पत्रावळीकडे जरा जास्तच वेळ बघत बसलो. वाढप्याला वाटलं मला आणखी बुंदी हवी.

शेवटचं पातं वर गेलं त्या दिवशी पंचनामा करायचा होता. पाचही वळणांवर किती झाडं गेली, काय राहिलं, सगळं. रजिस्टर मी तिसऱ्या वळणावरच घेऊन आलो. पहिल्या वळणाचे तीन धावडे लिहिले, दुसऱ्याचं मोईन लिहिलं, चौथ्या-पाचव्याची झुडपं लिहिली. धावडे वाचवता आले नाहीत याचं मला आजही वाईट वाटतं. मग तिसरं वळण आलं. मी लिहिलं : निरंक.

मावशी शेजारी बसली होती. तिला वाचता येत नव्हतं, पण तिनं मागचं पान उलटून दाखवा म्हटलं. रजिस्टरची पानं फाडता येत नाहीत. जुनी नोंद तशीच होती, तांबड्या शाईनं काट मारलेली. तिनं दोन्ही ठिकाणी बोट ठेवून विचारलं, “हे अन्‌ ते, एकच लिव्हलंय का?” मी म्हटलं, एकच. “मंग ते का खोडलं?” मी म्हटलं, ते न बघता लिहिलं होतं, हे बघून लिहिलं. ती हसली. म्हणाली, “भाऊ, मान दुखती का अजून?”

पंच म्हणून दोन माणसं लागतात. एक पुतण्या झाला. दुसऱ्या पंचाच्या रकान्यापुढे मी मावशीचं नाव लिहिलं आणि शाईची डबी पुढे केली. तिनं पदराला अंगठा पुसला आणि नोंदीखाली दाबून उठवला. नोकरीत मी पंचनामे शेकड्यानं केले. पंच बहुतेक वेळा चहाच्या टपरीवरून धरून आणलेले असत, न बघता सही करून जाणारे. चोवीसही वेळा जागेवर उभं राहून, हात मध्ये धरून सगळं बघितलेला पंच मला तेवढा एकदाच मिळाला.